सगळ्यात वरची ओळ

सोड्याच्या एका ग्लासामागे आम्हाला किती सुटतात हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा हातातली पेन्सिल खाली पडली होती.

लग्नाला चारच वर्षं झाली होती. आमचं जेवणाखाण्याचं छोटं ठिकाण होतं, बारसकट. अकरा टेबलं, मागे स्वयंपाकघर, दाराशी गल्ला. गल्ल्यावर हे बसायचे, काउंटरमागे माझे धाकटे दीर उभे राहायचे, आणि चूल माझ्याकडे होती. घरात माझं अक्षर त्यातल्या त्यात बरं आणि तोंडी हिशेब पक्का, म्हणून दरपत्रक लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. तोवर मला वाटायचं, दारूचे दर कुठूनतरी वरून येत असतील, पोस्टाच्या तिकिटासारखे.

दिरांनी मला धडा दिला. बाटली जेवढ्याला पडली त्याला तिच्यात बसणाऱ्या पेगांनी भागायचं आणि जे येईल त्याला साधारण तिनाने गुणायचं. एक भाग मालाचा, एक जागेचा आणि नोकरांचा, एक आपला.

"आणि सांडलं तर?"

"सांडलं तर गिऱ्हाइकाचं, वहिनी. आपलं कधी सांडत नाही."

"आणि सोड्याला?"

"सोड्याला दहाने गुणायचं."

"दहाने? अहो भाऊजी, पाण्यात हवा भरायची आणि दहापट घ्यायचे?"

"पाणी आपण फुकटच देतो की. पैसे हवेचे."

हे गल्ल्यावरून हसले. मी हसले नाही. माहेरी आमचे वडील कापडाच्या दुकानात नोकरीला होते. वारात बोटभर कमी भरलं तर त्यांना रात्री झोप लागायची नाही. पण पेन्सिल उचलली आणि लिहिलं. नव्या सुनेने मूग गिळून बसायचे दिवस होते ते.

पुढचा धक्का दिला तो माल पोचवणाऱ्या एजंटाने. गोड बोलणारा, सतत घाम पुसणारा माणूस. माझं दरपत्रक हातात घेऊन तो म्हणाला, "अक्षर सुरेख आहे ताई, पण पत्रक अगदी सपाट. डोकंच नाही ह्याला."

"म्हणजे कसं?"

"माणूस भित्रा असतो ताई. सगळ्यात स्वस्त मागवायची त्याला लाज वाटते, सगळ्यात महाग मागवायची भीती. तो अधलंमधलं धरतो. तुम्ही वर एक अशी ओळ टाका, की तिच्यापुढे दुसरी ओळ बिचारी वाटली पाहिजे. मग बघा दुसरी कशी खपते ते."

"पण ती वरची कोण घेणार?"

"कुणी नाही. ती घ्यायला नसतेच. बघायला असते."

आणि त्याने पिशवीतून एक बाटली काढली. बारा खोकी मालावर फुकट आलेली. खांद्याशी रुंद, जाड निळी काच, वर कोरीव लाकडी बूच. उचलताना मनगट दुखावं इतकी जड.

"आत काय आहे?"

"ही वर चढली की तुमच्या तिसऱ्या ओळीत जे येईल तेच. कारखाना तोच, पिंपही तेच. झगा तेवढा वेगळा."

"नाकापेक्षा मोती जड म्हणायचा! आणि किंमत किती लिहू?"

"लिहिताना स्वतःलाच हसू येईल एवढी."

गल्ल्यामागच्या खिळ्याला जागेच्या भाड्याची पावती टोचलेली होती. माझी नजर तिच्यावर गेली. संपूर्ण महिन्याच्या भाड्याचा तो आकडा मी सगळ्यात वरच्या ओळीत लिहून टाकला. एका बाटलीला एक महिन्याचं भाडं! लिहून झाल्यावर मला खरंच हसू आलं. निळी बाटली काउंटरमागच्या वरच्या फळीवर जाऊन बसली.

एजंट खोटं बोलला नव्हता. पंधरा दिवसांत दुसऱ्या ओळीचा खप दुप्पट झाला. माणसं पत्रक उघडत, वरची ओळ वाचून डोळे मोठे करत, एकमेकांना दाखवून खिदळत आणि मग राजरोस दुसऱ्या ओळीतलं मागवत, जसं काही आपण पैसे वाचवले. आदल्या महिन्यात हीच माणसं हीच ओळ बघून कपाळाला आठ्या घालत होती. हे खूश, दीर खूश. मला मात्र आपण कुणाच्यातरी डोक्यात हात घालून काहीतरी हलवून आलोय असं वाटायचं. पण सवयीने माणूस कशालाही निर्ढावतो. पुढे दर वर्षी घरमालकाने भाडं वाढवलं की मीही न विचार करता ती ओळ खोडून नवा आकडा लिहायची.

आता कुलूपवाल्यांचं सांगते.

आमच्यापासून चार दुकानं सोडून त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, भिंतीतला एक कोनाडा. किल्ल्या कापायचं यंत्र, एक स्टूल, आणि छतापासून लोंबणाऱ्या शेकडो किल्ल्या. बायको लवकर गेलेली, एक मुलगी. दर शनिवारी दुपारी चारला ते आमच्याकडे यायचे, खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचे आणि सगळ्यात खालच्या ओळीतला एकच ग्लास घ्यायचे, साध्या पाण्यातून. पण मागवण्याआधी दरपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचे, ओळीखाली बोट सरकवत.

"आलं वाचनालय," दीर पुटपुटायचे.

त्यांना ऐकू जायचं. "वाचायचे पैसे लावू नका हं शेठ," ते ह्यांना म्हणायचे, "नाहीतर माझं शिक्षण अर्धवट राहील."

एकदा मी टेबल पुसत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "वहिनी, ही वरची कुणी प्यायलंय का हो आजवर?"

"छे! कोण पिणार?"

"मग वाट बघत असेल ती कुणाचीतरी."

मी हसले. ते हसले नव्हते, हे मला फार उशिरा आठवलं.

अशी नऊ वर्षं गेली. आणि एका रविवारी दुपारी, जेवणाची गर्दी ओसरत असताना, कुलूपवाले मुलीला घेऊन आले. अंगात कडक इस्त्रीचा सदरा. मुलीला इस्पितळात परिचारिकेची कायमची नोकरी लागली होती. आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आले. ते खिडकीजवळ बसले. पत्रक उघडलंच नाही. दिरांकडे बघून, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वरची काढा."

"कुठली वरची?" दीर म्हणाले.

"वरची म्हणजे वरची. निळी."

त्यांनी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "मोजून घ्या. दर वर्षी मी पोचतोय म्हणेपर्यंत तिचा आकडा पुढे पळायचा. ह्या वर्षी गाठलीच."

दीर माझ्याकडे बघायला लागले, मी ह्यांच्याकडे. आम्ही तिघे स्वयंपाकघरात गेलो.

"ह्या महिन्याचं भाडं स्वतःच्या पायांनी चालत आलंय," हे हळूच म्हणाले.

"अहो, पण ती बघायची बाटली आहे!"

"नऊ वर्षं बघितलीच ना त्यांनी? आता पिऊ देत."

"तिच्यात तिसऱ्या ओळीतलं आहे. माहीत आहे ना तुम्हाला?"

"मग विष आहे का? आपण लिहिलं, त्यांनी वाचलं, त्यांनी मागवलं. ह्यात खोटं कुठे आहे ते दाखव मला."

मला दाखवता येईना. खोटं होतं, ते तिथेच कुठेतरी होतं, पण बोट ठेवायला जावं तर सापडत नव्हतं. दिरांनी तोवर ओल्या फडक्याने बाटलीवरची धूळ पुसायला घेतली होती. नऊ वर्षांची धूळ, फडकं काळं झालं.

मी बाटली घेऊन टेबलाशी गेले आणि मला सुचलं ते बोलले. "आज आनंदाचा दिवस आहे. ही आमच्याकडून निम्म्या किमतीत."

कुलूपवाल्यांचा चेहरा असा पडला, की मी त्यांना शिवी दिली असती तरी तेवढा पडला नसता.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "नऊ वर्षं मी खालच्या ओळीत बसलो. आज लेकीसमोर मला पुन्हा तिथे बसवू नका."

मी बूच काढलं, ओतलं. त्यांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि तसेच बसून राहिले. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. "पोरी," ते मुलीला म्हणाले, "ह्याला म्हणतात! काय ती चव! घशातून उतरतेय ते कळतसुद्धा नाही."

त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने तिसऱ्या ओळीतला पेग 'घसा खरवडतो' म्हणून परत पाठवला होता. तेच होतं हे. तेच पिंप! आणि हा माणूस ढोंग करत नव्हता. त्याला खरंच तसं लागत होतं. माझ्या एका आकड्याने त्या पाण्याची चव बदलली होती.

जेवण झाल्यावर मुलगी हात धुवायला मागे आली. नळाशी मी होते. "काकू, बाबांना इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "पण एक सांगू? तीन वर्षं झाली, त्यांना त्यांच्या चष्म्यातून नीट दिसत नाही. पुढच्या महिन्यात घेतो म्हणतात. मला काय माहीत पैसे इकडे साठतायत! परवा किल्ली कापताना यंत्र बोटावरून गेलं. थोडक्यात वाचलं. मी म्हटलं, माझ्या पगारातून घेऊ, तर म्हणतात, लेकीच्या पैशांनी जग बघायचं नाही मला."

मी नळ बंद करायचा विसरले. पाणी वाहत राहिलं.

जाताना कुलूपवाल्यांनी निम्मी उरलेली बाटली माझ्या हातात दिली. "सांभाळून ठेवा. शनिवारी थोडी थोडी घेईन. आणि वहिनी, अजून एक मागवून ठेवा. हिच्या लग्नात उघडायची. आजपासून सुरुवात करतो."

त्या संध्याकाळी भाडं दिलं गेलं. मी ह्यांना म्हटलं, बोटाचं असं असं आहे. हे म्हणाले, "वाईट झालं, पण त्याचा नि आपला काय संबंध?" पुढचे सहा दिवस मी भाजी चिरताना स्वतःची बोटं बघत होते.

शनिवारी चारला ते आले. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या. म्हणजे त्या आठवड्यात दुसरं बोटही यंत्राखाली आलं होतं. बसले, पत्रक वाचलं, आणि म्हणाले, "आज नुसतं पाणी द्या. निळी पुढच्या महिन्यात एखाद वेळ घेईन, पुरवून पुरवून. आणि नेहमीचा ग्लास बंद. दुसरीसाठी साठवायला लागलोय."

मी गल्ल्याशी गेले. हे काही म्हणायच्या आत खण उघडून त्यांच्या पाकिटात होते तेवढे पैसे मोजून काढले. आठवडाभराचा गल्ला जवळजवळ रिकामा झाला.

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"हो," मी म्हटलं.

कुलूपवाल्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. ती बाटली फुकट आली होती. आत तिसऱ्या ओळीतलंच होतं. आसपासच्या टेबलांवरून माना वळल्या ते मला दिसलं, पण आता थांबणं शक्य नव्हतं.

कुलूपवाले हसायला लागले. "वहिनी, कनवाळू आहात तुम्ही. पोरीने बोटाचं सांगितलं ना? म्हणून हे रचलंत."

"देवाशप्पथ खरं सांगतेय."

"अहो, मी प्यायलोय! तुम्ही नाही प्यायलात. जिभेला कळत नाही का?"

आता काय करावं? मी आत गेले. एकसारखे दोन ग्लास घेतले, एकात निळ्या बाटलीतलं ओतलं, एकात तिसऱ्या ओळीतलं. दीर दारात उभं राहून बघत होते. ग्लास आणून मी त्यांच्यापुढे ठेवले, डावा आणि उजवा. "सांगा, निळी कुठली?"

त्यांनी डावा चाखला, जीभ टाळ्याला लावून विचार केला. पाण्याची चूळ भरली. उजवा चाखला आणि चेहरा उजळला. "हीच ती. ही राणी. डावी आपली अशीच, कुठलीही."

दिरांनी कपाळाला हात लावला. मी स्वयंपाकघरातून तिसऱ्या ओळीची उघडी बाटली आणली आणि उजव्या ग्लासाशेजारी ठेवली.

ते बाटलीकडे बघत राहिले. मग डावा ग्लास पुन्हा ओठाला लावला, मग उजवा, मग परत डावा. त्यांच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला तो मी एवढ्या वर्षांनीही विसरलेले नाही. घरी येऊन कपाट उघडावं आणि आतलं सगळं गेलेलं असावं, पण कुलूप मात्र जागच्या जागी असावं, तसा तो माणूस दिसत होता.

"दोन्ही सारख्याच लागतायत," ते म्हणाले. "आता दोन्ही सारख्याच लागतायत, वहिनी."

"हा वरचा आकडा कुणाचा?"

"माझा."

"कशावरून लिहिलात?"

"भिंतीवर भाड्याची पावती होती. दुसरं काही सुचलं नाही."

"आणि दर वर्षी तो कशाने वाढायचा?"

"भाडं वाढलं की वाढवायची."

त्यांनी दोन्ही ग्लास बाजूला सारले. मग म्हणाले, "म्हणजे नऊ वर्षं मी तुमच्या घरमालकाच्या मागे धावत होतो."

एका टेबलावरून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मी पैसे पुढे सरकवले. मला वाटलं, ते फेकून देतील. त्यांनी विचारलं, "तिसऱ्या ओळीची अख्खी बाटली कितीला?" मी सांगितलं. त्यांनी तेवढे पैसे वेगळे काढून टेबलावर ठेवले, बाकीचे खिशात घातले. मग दरपत्रक उघडलं आणि दुसऱ्या ओळीवर चिंधी बांधलेलं बोट ठेवलं.

"ही कशावरून?"

"अहो, आता..." गल्ल्यावरून ह्यांचा आवाज आला.

"शेठ, वाचनालयात बोलू नये. वहिनी, ही कशावरून?"

"पडत्या किमतीला अडीचने गुणून," मी म्हटलं.

"आणि तिसरी?"

"तिनाने."

"चौथी?"

"साडेतीन." एकेका उत्तराबरोबर माझी मान खाली जात होती. ह्यांनी गल्ला सोडून उठायला सुरुवात केली होती, पण भरल्या बारमधून येऊन बायकोचं तोंड कसं बंद करणार? बोट खाली खाली सरकत शेवटच्या ओळीवर आलं. त्यांच्या ओळीवर. नऊ वर्षं दर शनिवारी एक ग्लास.

"आणि ही? ही तरी?"

मी दिरांकडे बघितलं. ते फळीवरच्या बाटल्या सरळ करण्यात गुंतले होते, सरळच असलेल्या बाटल्या.

"पाचाने," मी म्हटलं.

"काय?"

"खालच्या ओळीला पाचाने गुणतो. मूळचा माल इतका स्वस्त असतो, की पाचपट केलं तरी आकडा लहानच दिसतो. त्यावर कुणी भांडत नाही."

मला वाटलं आता ओरडतील, टेबल उलटतील. माझीही तयारी होती. पण ते तसेच बसून त्या लहानशा आकड्याकडे बघत राहिले, डोळे बारीक करून, पत्रक नाकाशी धरून. तो आकडा त्यांना नीट दिसत तरी होता की नाही कोण जाणे.

"सगळ्यात जास्त मीच देत होतो तर," ते शेवटी म्हणाले. "ह्या अख्ख्या खोलीत."

"हो," मी म्हटलं.

ते उठले. दोन्ही ग्लास तसेच भरलेले ठेवून दाराशी गेले. तिथे थांबून वळले. "चष्मेवाल्याकडे जातो," ते म्हणाले. "त्याचा आकडा कशावरून येतो तेवढं आधी विचारून घेतो."

दार बंद झालं. हे गल्ल्यामागे अर्धवट उभे, चेहरा पांढराफटक. मी ग्लास उचलले आणि स्वयंपाकघराकडे वळले, तर माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक टेबलावर दरपत्रक उघडलेलं आहे. नऊ वर्षं ज्यांनी एका नजरेत मागवलं होतं, ती सगळी माणसं आता खाली मान घालून वाचत होती, ओळीखाली बोट सरकवत.

"वहिनी," कोपऱ्यातल्या टेबलावरून एकाने हाक मारली, "जरा इकडे येता का? हे बिअरचं कसं काय ते सांगा."